आधी खालचा रस्ता बघा: डोंगरालगतची वाडी वणव्यापासून कशी राखायची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रत्नागिरी जिल्ह्यातली 42 घरांची वाडी, मागे डोंगर, खाली डांबरी रस्ता. गेल्या मार्चमध्ये वणव्यात दोन गोठे, पेंढ्याच्या चार उडव्या आणि साठेक काजूची झाडं गेली, एक गाय दगावली. आता मुंबईच्या मंडळाने दीड लाख रुपये जमवलेत आणि वाडीत दोन तट पडलेत. एक म्हणतो मोठा पंप आणि पाइप घ्या. दुसरा म्हणतो जेसीबी लावून वाडीच्या वरच्या अंगाला तीस फुटी पट्टा मारा. यातलं बरोबर कुठलं, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते दोन्ही नको. मी 31 वर्षं वन खात्यात होतो, वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. त्यातला बराचसा काळ सह्याद्रीच्या उतारावर गेला. त्या काळात वाड्या जळताना पाहिल्या आणि वाचतानाही पाहिल्या. वाचलेल्या वाड्यांमध्ये मोठा पंप होता म्हणून वाचली, अशी एकही आठवत नाही. वाचल्या त्या संक्रांतीच्या आत गवत काढून झालेल्या.

तुम्ही प्रश्न विचारलाय तो 'वणवा आला की तो थांबवायचा कसा' असा. खरा प्रश्न आहे, वणवा येईल तेव्हा त्याला वाडीत खायला काय मिळेल. आपल्याकडचा वणवा जमिनीवरून चालतो. गवत, पाचोळा, रानमोडीची झुडपं हेच त्याचं खाद्य. झाडांच्या शेंड्यांवरून पळणारी आग आपल्या डोंगरांत सहसा लागत नाही. त्यामुळे आपल्यासारख्यांच्या हातात बरंच काही आहे, पण ते डिसेंबर-जानेवारीत. मार्चमध्ये फार थोडं उरतं.

आता काही गोष्टी मला इथे बसून कळणार नाहीत. तुमचा उतार पूर्वेकडे तोंड करून आहे की पश्चिमेकडे, वर नुसता गवताळ सडा (कातळाचं पठार) आहे की झाडी, आणि तो डोंगर कुणाचा. हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडं, डोंगर बहुतेक खाजगी आणि सामाईक मालकीचे, एकेका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं आणि त्यातली निम्मी माणसं मुंबईत. म्हणून 'फॉरेस्टवाले येऊन जाळरेषा (आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढतील' ही आशा तुमच्याकडे बहुधा कामाची नाही. तिथे वनरक्षक मदतीला येतो, पण त्या जमिनीवर हंगामाआधी काम काढणं त्याच्या हातात नसतं. ते वाडीलाच करावं लागतं.

आता आगीची चाल सांगतो, कारण ती कळली की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात. आग चढावर धावते आणि उतारावर चालते. चढावर ज्वाळा पुढच्या गवतावर वाकलेली असते, ते गवत पेटायच्या आधीच सुकून तापलेलं असतं. उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. त्यात आपल्या कोकणात दुपारी खारा वारा समुद्राकडून डोंगराकडे चढतो आणि रात्री मतलई डोंगरावरून खाली उतरते. म्हणजे दुपारची आग वर पळते, रात्रीची आग हळूहळू खाली येते.

तुम्ही सगळे वरच्या डोंगराकडे बघताय, कारण गेल्या वेळी तिथून आली. ती आग रात्री उतरली असणार, आणि तिचा अंदाज घ्यायला तुम्हाला तास-दोन तास मिळाले असणार. मला भीती वाटते ती तुमच्या खालच्या रस्त्याची. एखाद्या दुपारी दोन वाजता रस्त्याकडेला कुणी विडी टाकली, कचरा पेटवला किंवा विजेच्या तारा घासून ठिणगी पडली, तर उतार आणि खारा वारा दोन्ही तिच्या बाजूने. रस्ता ते पहिलं घर यात गवत माजलेलं असेल तर बायामाणसांना गुरं सोडायलासुद्धा वेळ मिळणार नाही. म्हणून पहिलं काम खालच्या अंगाला. रस्त्याच्या वरच्या बाजूचं पंधरा-वीस फूट गवत कापून उचलून न्यायचं, वाडीला जाणारी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) दोन्ही बाजूंनी मोकळी करायची. नुसतं कापून तिथेच पसरून ठेवलेलं गवत उभ्या गवताइतकंच पेटतं, हे लक्षात ठेवा.

मग वरची बाजू. इथे जाळरेषा हवीच, पण जेसीबीची नको. जेसीबीचा पट्टा म्हणजे वाडीच्या डोक्यावर उघडी करून ठेवलेली माती. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. 30 जुलै 2014 ला माळीण, 22 जुलै 2021 ला तळिये, 19 जुलै 2023 ला इर्शाळवाडी, तिन्ही दरडीखाली गेल्या. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी, पण उतार उकरताना ही तीन नावं मनात असलीच पाहिजेत. शिवाय उकरलेल्या जागेवर पुढच्या पावसात रानमोडी आणि घाणेरी जोमाने येतात, म्हणजे दोन वर्षांत तोच पट्टा आगीची वाट होतो.

जाळरेषा काढायची ती हाताने आणि ग्रास कटरने. वीस फूट रुंद, वाडीच्या वरून आणि दोन्ही बगलांनी, वाडीचे शेवटचे गोठे आणि मांगर (शेतावरची खोपटी) आत धरून. मोठी झाडं तोडू नका. सावलीखाली गवत कमी येतं आणि जमिनीत ओल टिकते, ती झाडं तुमच्या बाजूची आहेत. त्यांच्या खालच्या फांद्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत छाटा, वाळक्या वेली काढा, झुडपं खणून काढा. जाळरेषा हे नाव पट्टा जाळून साफ करतात म्हणून पडलं. आम्ही खात्यात आधी दोन्ही कडा कापून, झाडून घ्यायचो आणि मग पहाटेच्या दंवात मधलं गवत पेटवायचो, दोन्ही कडांना माणसं उभी करून. तुम्ही जाळू नका. पट्टा जाळताना हातातून सुटलेल्या आगी मी पाहिल्यात. तुमच्या पट्ट्यातलं गवत उचलून गुरांना घाला किंवा खड्ड्यात कुजवा. डोंगराचा काही भाग राखीव वनात येत असेल, तर नोव्हेंबरातच तुमच्या बीटच्या (नेमून दिलेल्या वनक्षेत्राच्या) वनरक्षकाला भेटा, हद्दीवरची रेषा दोघांनी मिळून आखता येते.

आणि एकदा काढून मोकळं व्हायचं नाही. ऐन, किंजळ, साग यांची पानगळ मार्च उजाडला तरी चालूच असते. डिसेंबरात आरशासारखी केलेली रेषा फेब्रुवारीअखेर घोट्याएवढ्या पाचोळ्याने भरते आणि आग त्यावरून आरामात पलीकडे जाते. फेब्रुवारीच्या मध्याला एकदा आणि शिमग्याच्या आधी एकदा, असं निदान दोन वेळा ती झाडून घ्यावी लागते. याला ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाचोळा उडवणारं यंत्र, फार उपयोगी. हल्ली खात्यातही तो सर्रास वापरतात. कडक उन्हात खराट्याने आठ माणसं जे दिवसभर करतील, ते पाठीवर ब्लोअर घेऊन दोन पोरं सकाळच्या गारव्यात उरकतात.

आता जे सांगणार आहे ते सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. घर बहुतेक वेळा ज्वाळेने पेटत नाही, उडत्या निखाऱ्याने पेटतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात 8 नोव्हेंबर 2018 ला पॅराडाइज नावाचं अख्खं गाव जळालं, 85 माणसं गेली, अठरा हजारांवर इमारती गेल्या. तिथली चित्रं पाहिलीत तर दिसेल, घराची राख झालीय आणि शेजारचं झाड हिरवंच्या हिरवं उभं आहे. आग झाडावरून घरावर आलीच नाही. निखारे वाऱ्याबरोबर पुढे येऊन घरांवर पडले, आणि मग एका घराने दुसरं घर पेटवलं. तिथली घरं लाकडी, आपली चिऱ्याची, पण छपराची गोष्ट तीच.

एका वाडीत मी वणव्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याला गेलो होतो. आग घरापासून सव्वाशे फुटांवर, गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) विझलेली. अंगण सारवलेलं, स्वच्छ. तरीही घराचं आढं जळून खाली आलेलं. घरातल्या आजींना काही केल्या उमगत नव्हतं, आग आली कुठून. शेजारचं तसंच बांधलेलं घर शाबूत होतं. त्याच्या छपरावर शिडी लावून चढलो आणि कौलं उचलून पाहिली. मंगलोरी कौलाखाली, रिपांच्या खाचेत, फणसाची वाळकी पानं मुठीमुठीने साठलेली, मध्ये चिमणीचं जुनं घरटं, आणि त्यात एक विझलेला कोळसा, बोराएवढा. त्या घराचं नशीब चांगलं म्हणून तो तिथेच विझला. शेजारच्या घरातला विझला नाही.

म्हणून फेब्रुवारी लागायच्या आत प्रत्येक घराने छपरावरचा आणि पन्हळीतला पाचोळा काढायचा, फुटलेलं कौल बदलायचं. वळचणीला सरपण रचून ठेवायची आपल्याला सवय आहे, ते तीन महिने घरापासून पन्नास फूट लांब, पत्र्याखाली न्यायचं. पडवीला लावलेली झापं आणि हिरवी जाळी काढायची. भिंतीपासून चारी बाजूंनी दहा फूट पट्ट्यात काहीही वाळकं नको, खराटासुद्धा नको. उडवी गोठ्याला टेकून कधीच नको. कापणी झालेल्या खाचराच्या मधोमध, भोवतालचं धसकट काढून, तिथे रचायची. एक मोठी रचण्यापेक्षा दोन लहान, अंतर ठेवून. तुमचे गोठे उडवीमुळेच गेले असावेत असा माझा अंदाज आहे, कारण गोठा आणि उडवी एकाच वेळी गेल्याचं तुम्ही लिहिलंय.

गोठ्याचं आणखी एक. दाव्याची गाठ धुरात सुटत नाही. गुरं ओढतात, गाठ आवळत जाते. मी ज्या बीटवर होतो तिथल्या एका बाईंनी गोठ्याच्या दारालगत बाहेरच्या खिळ्याला एक धार लावलेला विळा कायमचा टांगून ठेवला होता, त्याला इतर कामाला कुणी हात लावायचा नाही. वणव्याच्या रात्री त्यांनी पाचही दावी कापली आणि गुरं खालच्या शेतात हाकलली. तुमची गाय गेली हे वाचून मला पहिला तो विळा आठवला. उद्याच्या उद्या प्रत्येक गोठ्यावर टांगा, त्याला सभा भरवायची गरज नाही.

काजूचं वेगळं. बागेतलं गवत नोव्हेंबर-डिसेंबरात काढायचं, झाडाभोवती चार फुटांचं आळं मोकळं ठेवायचं. पाचोळ्याचं आच्छादन ओल धरतं हे खरं, पण वणव्याच्या डोंगरावर उघडा पाचोळा हे सरपणच. त्यावर मातीचा थर द्या किंवा खड्ड्यात घाला. गडगा असेल तर दोन्ही बाजूंनी त्याला टेकून साठलेली पानं ओढून काढा. गडगा आग अडवतो, पण पानांनी भरलेला गडगा अडवत नाही. जळालेल्या झाडांबद्दल: ती लगेच तोडू नका. साल नखाने खरवडून आत हिरवं दिसतंय का बघा, पावसाळ्यात बुंध्याकडून फूट येऊ शकते. आणि नवीन लावाल ती झाडं सातबाऱ्यावर चढवून घ्या, पंचनाम्याच्या वेळी नोंद आधी विचारतात.

आता पंपाकडे येतो. वणव्याची रेघ पाचशे-हजार फूट लांब असते आणि पाइप पोचतो एका जागी. मार्चमध्ये विहिरी तळाला. विजेचा पंप घेतलात तर आगीत तारा तुटतात किंवा लाइन बंद करतात, आणि नेमक्या वेळी पंप ठप्प. मुख्य म्हणजे पंप तुमच्याकडे आहेतच. आंब्याच्या मोहोरावर फवारणी करणाऱ्या प्रत्येक बागायतदाराकडे इंजिनचा फवारणी पंप, दोनशे लिटरचा ड्रम आणि शंभर मीटर पाइप असतो, आणि नेमका याच महिन्यांत तो चालू स्थितीत असतो. वाडीत आणि शेजारच्या वाडीत असे किती आहेत त्याची यादी करा, मालकांशी बोलून ठेवा. ड्रम धुतलेला हवा, कीटकनाशकाचं पाणी आगीवर मारलं तर धूर विषारी होतो. ड्रममधलं पाणी डोंगरातल्या आगीवर वाया घालवू नका. ते छपरांवर, गोठ्यांवर आणि निखारे पडतील तिथे मारायचं.

दीड लाखाचं मी असं करेन: दोन ब्लोअर, दोन ग्रास कटर, आणि उरलेल्या पैशातून 15 फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत वाडीतल्याच दोघांना राखणदार म्हणून मजुरी. वन खात्याचा आगीचा हंगामही 15 फेब्रुवारी ते 15 जून असाच धरतात. राखणदाराचं काम दुपारी अकरा ते सूर्यास्त, जिथून रस्ता आणि डोंगर दोन्ही दिसतात अशा जागी बसायचं. धूर दिसल्यापासून दहा मिनिटांत चार माणसं पोचली, तर बहुतेक वणवे तिथेच संपतात. भारतीय वन सर्वेक्षणाचे उपग्रहावरून येणारे आगीचे संदेश मोबाइलवर मिळतात, नोंदणी जरूर करा. पण उपग्रह दिवसातून काही ठराविक वेळाच डोक्यावरून जातो, छोटी आग त्याला दिसतही नाही. डोळ्यांना तो पर्याय नाही.

आग लावतं कोण, हे बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मार्चमध्ये आपल्याकडे विजा क्वचितच पडतात. म्हणजे बहुतेक वेळा माणूसच. गवत जाळलं की पावसाळ्यात चारा चांगला येतो ही समजूत, शिकारीसाठी रान उठवणं, मध काढताना टाकलेला पलिता, बांध जाळणं, आणि भाजावळ, म्हणजे रोपांसाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं. जाळल्यावर कोवळी फूट येते हे दिसतं, ते खोटं नाही. पण वर्षानुवर्षं जाळलेल्या डोंगरावर गुरं खातात ती गवतं मागे पडतात आणि कुसळी वाढते. हे म्हाताऱ्या गुराख्यांना विचारा, ते स्वतः सांगतील. भाजावळीबद्दल लोकांशी भांडू नका, ती पिढ्यांची रीत आहे. वाडीने दिवस ठरवा, सकाळी नऊच्या आत, शेजाऱ्याला सांगून, चारी बाजूंनी तीन फूट खरवडून, पाण्याचे दोन हंडे शेजारी ठेवून. राब न भाजता गादीवाफ्यावर शेणखत घालून रोपं काढणारे शेतकरी आता बरेच आहेत, त्यांचा वाफा पोरांना नेऊन दाखवा. कायदा आहेच: भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 प्रमाणे राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे. पण रात्री डोंगरावर काडी कुणी ओढली हे सिद्ध करणं किती अवघड, ते मी नोकरीभर अनुभवलं. ग्रामसभेत उघड बोलल्याने जे साधलं, ते नोटिशीने साधलं नाही.

मजुरांचा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो असणारच. वाडीत म्हातारी माणसं, तरणी मुंबईला. चाकरमानी येतात गणपतीत आणि शिमग्याला. गणपतीत गवत हिरवं असतं आणि शिमग्याला उशीर झालेला असतो. मंडळाला सांगा, यंदा देवदिवाळीनंतरचे दोन शनिवार-रविवार वीस माणसं पाठवा. पैशापेक्षा ते चार दिवस मोठे आहेत. आणि शिमग्याचा होम पेटवाल तेव्हा भोवतालचं रान आधी झाडून घ्या, रात्री निखारे पूर्ण विझेपर्यंत दोन माणसं तिथे थांबू द्या.

एवढं करूनही आग आली तर विझवायला जाणाऱ्यांसाठी काही सांगतो, आणि हे कळकळीने सांगतो. आगीच्या वरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. मार्च 2018 मध्ये तामिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणी डोंगरावर वीसहून अधिक ट्रेकर वणव्यात सापडून गेले. एप्रिल 2021 मध्ये आपल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आग विझवणारे तिघे गेले, कामाची सवय असलेली माणसं. आटोक्यात येत असलेली आग वाऱ्याने पुन्हा भडकली. जळून काळी झालेली जमीन हीच सुरक्षित जागा. तिकडून, बगलेने, मागून पुढे सरकत काम करायचं. पानांची ओली डहाळी आगीवर दाबून ओढायची, उंच उचलून आपटायची नाही, त्याने ठिणग्याच उडतात. अंगात सुती कपडे, नायलॉन नको. एकटा कुणी नाही, शाळकरी पोरं अजिबात नाहीत. निघतानाच 1926 या वन खात्याच्या क्रमांकावर आणि 112 वर फोन करा.

आग विझली असं वाटलं की सगळे घरी जातात, तिथे फसगत होते. वाळक्या ओंडक्यात आणि मुळांत ती धुमसत राहते. दुसऱ्या दिवशी एक वाजता खारा वारा सुटला की परत उठते. मी दोन दिवस दोन माणसं ठेवायचो, हाताची मागची बाजू बुंध्याजवळ नेऊन ऊब तपासत फिरायला. ऊब लागली की माती ओढून, पाणी घालून कालवायचं.

येत्या रविवारी दुपारी दोनच्या सुमारास खालच्या रस्त्यावर उभे राहा आणि वाडीकडे तोंड करून फोटो काढा, मग वरच्या सड्यावरून खाली एक. वारा कुठून लागतोय तेही लिहा. ते दोन फोटो इथे टाकलेत तर रेषा कुठून न्यायची आणि कुठल्या घरापासून सुरुवात करायची, ते मी नेमकं सांगतो.